आधी 'वगळून' हा शब्द खोडा

कॅलिफोर्नियातल्या लेट्यूसच्या आणि शुगरबीटच्या शेतांत १९७५ पर्यंत एक अवजार चालायचं. पातं आडवं, फावड्यासारखं. दांडा जेमतेम हात-दीड हात. मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे आखूडलं. आपल्याकडे खुरपणाऱ्या बाया उकिडव्या बसून सरी पुढे नेतात, तेही काही सुखाचं काम नाही. पण या आखूड दांड्यानं धड बसताही यायचं नाही आणि उभंही राहता यायचं नाही. दिवसभर कमरेत वाकून एका हातानं रोपं विरळायची, दुसऱ्या हातानं पातं ओढायचं. ऐन उमेदीत माणसं पाठीनं अधू व्हायची. लांब दांड्याचं अवजार तेव्हाही मिळत होतं. मालक म्हणायचे, लांब दांड्यानं विरळणी नीट होत नाही. मजुरांना दुसरंही एक कारण ठाऊक होतं. दांडा आखूड असला की बांधावर उभ्या असलेल्या मुकादमाला एका नजरेत कळतं, कोण पाठ सरळ करतंय.

गरिबांची बाजू मांडणाऱ्या वकिलांनी काही वर्षं हे प्रकरण लावून धरलं, डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, आणि १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोर्तितो बंद झालं. लेट्यूस काही पिकायचं थांबलं नाही. सलिनास खोऱ्यातून ट्रक भरभरून ते आजही देशभर जातंच आहे.

लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकी, समाजाला बरोबरीनं आणण्यासाठी कॅलिफोर्निया राज्यानं कशाला अग्रक्रम द्यावा, अशी चर्चा निघाली की मला हा आखूड दांडा आठवतो. त्या चर्चेत कार्यक्रमांच्या याद्या असतात: कौशल्य प्रशिक्षण, छोट्या उद्योगांना कर्ज, शिष्यवृत्त्या, जनजागृती. त्यातल्या कशालाच माझा विरोध नाही. पण कोर्तितोवरची बंदी ही योजना नव्हती. तिला वेगळं खातं लागलं नाही, उद्घाटन लागलं नाही. एका समाजाच्या पाठीवर नियमानं चढवलेला बोजा नियमानंच उतरवला, एवढंच. असे बोजे अजून शिल्लक आहेत. ते कायद्याच्या पोटकलमात, काउंटीच्या (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या) विकास आराखड्यात, खर्चाच्या सूत्रात बसलेले आहेत, आणि त्या सगळ्यांत एक शब्द उघड किंवा लपून असतोच: 'वगळून'. राज्याचा पहिला अग्रक्रम हा शब्द शोधून खोडणं हा असला पाहिजे, आणि खोडायला जो खर्च येईल तो राज्यानं उचलला पाहिजे. बाकीचं त्यानंतर.

मी सॅन वाकीन खोऱ्यात, टुलेरी काउंटीत राहते. पहाटे साडेचारला पेट्रोल पंपावर गेलं की माझं गाव काय आहे ते दिसतं. व्हॅनच्या रांगा, बर्फाच्या पिशव्या, डोक्याला रुमाल बांधून त्यावर टोपी घातलेल्या बाया, अंगात बहुधा नवऱ्याचाच असावा असा लांब बाह्यांचा शर्ट. बीडहून ऊसतोडीला निघालेली बाई लुगड्यावर शर्ट चढवते, ती डोळ्यांसमोर येते. ऊन आणि पाला दोन्हीकडे अंगाला लागतो.

'लॅटिनो' हा एकच शब्द फार मोठी गर्दी झाकतो. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियात हे लोक १ कोटी ५६ लाख होते, म्हणजे दर दहांत जवळपास चार. त्यांत लॉस एंजेलिसमध्ये तीन पिढ्या काढलेले डॉक्टर आहेत, एल साल्व्हाडोरच्या यादवीतून पळून आलेली कुटुंबं आहेत, १८४८ मध्ये हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला तेव्हा इथेच असलेली घराणी आहेत, आणि मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेले मिश्तेक आदिवासी आहेत, ज्यांच्यातल्या अनेकांना स्पॅनिशही परकी वाटते. मी मुख्यतः शेतमजुरांबद्दल लिहिणार आहे. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांपैकी दहांतले नऊपेक्षा जास्त लॅटिनो आहेत, आणि वगळण्याची गोष्ट तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते.

या लोकांशी मराठी माणसाचा एक जुना दुवा आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीच्या धामधुमीनंतर १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. मेक्सिकोच्या अशाच खेड्यांतून पुढे १९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' करारावर माणसं अमेरिकेच्या शेतांत आणली गेली. साधारण ४६ लाख करार झाले. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतला दहावा हिस्सा 'बचत' म्हणून कापून घेतला जायचा, आणि तो अनेकांच्या हाती पुन्हा कधी पडलाच नाही.

१९३५ चा अमेरिकेचा कामगार संघटनांचा कायदा आणि १९३८ चा किमान वेतन व कामाच्या तासांचा कायदा, या दोन कायद्यांवर तिथला संघटनेचा हक्क, चाळीस तासांचा आठवडा आणि ओव्हरटाइमचा दीडपट पगार उभा आहे. दोन्हींत शेतमजुरांना वगळलं होतं. काँग्रेसमधल्या दक्षिणेकडच्या सभासदांना आपल्या मळ्यांवरच्या काळ्या मजुरांना बरोबरीचा पगार द्यायचा नव्हता, आणि त्यांच्या मतांशिवाय कायदा पुढे सरकत नव्हता. काळ्या मजुरांसाठी खणलेल्या त्या खड्ड्यात पश्चिमेला मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर पडले. १९६६ मध्ये मोठ्या शेतांवरच्या मजुरांना किमान वेतन मिळालं. ओव्हरटाइम मात्र केंद्राच्या कायद्यानं शेतमजुराला आजही मिळत नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली.

केंद्र हलत नसेल तर राज्य हलू शकतं, हे कॅलिफोर्नियानं दाखवून दिलं. १९६५ च्या सप्टेंबरात डेलानोच्या द्राक्षमळ्यांत आधी फिलिपिनो मजूर संपावर गेले आणि आठवडाभरात मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. पाच वर्षं तो संप चालला. त्या चळवळीतूनच १९७५ चा राज्याचा शेतमजूर संघटना कायदा आला. तरी ओव्हरटाइमची रेघ दिवसाला दहा तासांवरच राहिली. कारखान्यातल्या माणसाचा नववा तास महाग आणि द्राक्ष तोडणाऱ्याचा नववा तास स्वस्त, असा हिशेब २०१६ पर्यंत चालला. त्या वर्षीच्या कायद्यानं टप्प्याटप्प्यानं ही रेघ पुसली. मोठ्या शेतांवर २०२२ पासून आणि छोट्या शेतांवर २०२५ पासून शेतमजुराला इतरांसारखेच दिवसाला आठ आणि आठवड्याला चाळीस तास लागू झाले.

आता यावरचा खरा आक्षेप. बर्कलीच्या विद्यापीठातल्या एका अभ्यासात असं दिसलं की मर्यादा खाली येताच मालकांनी तास कमी केले, आणि मजुराच्या हातात आठवड्याला पडणारी रक्कम घटली. खोऱ्यात हे कुणीही सांगेल. हातावर पोट असलेल्या माणसाला दहा तासांचे पैसे हवे असतात. आठ तासांनी त्याचं भाडं भागत नाही, मग तो संध्याकाळी दुसऱ्या मुकादमाच्या व्हॅनमध्ये बसतो. म्हणून कायदाच चुकला असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. रेघ पुसण्याचा खर्च राज्यानं सगळ्यात कमकुवत माणसावर जाऊ दिला, चूक तिथे झाली. न्यू यॉर्क आणि ऑरेगननं तीच रेघ पुसताना शेतमालकांना जादा मजुरीपोटी करात सवलत दिली. छोट्या शेतकऱ्याला दीडपट मजुरी झेपत नसेल तर त्याचा काही वाटा सरकारनं उचलावा, हे म्हणणं मला रास्त वाटतं. अपवाद कागदावर खोडला आणि त्याची किंमत मजुराच्या खिशातून वसूल झाली, तर समता अर्धीच आली. कॅलिफोर्नियाचं अंदाजपत्रक त्या दोन्ही राज्यांपेक्षा मोठं आहे, आणि ज्या पिकांवर त्याची श्रीमंती उभी आहे ती याच हातांनी तोडली जातात.

पाण्याची गोष्ट याहून वाईट आहे, आणि ती माझ्या घराजवळची आहे.

एक्झिटर हे संत्र्यांच्या बागांचं गाव, दहा-अकरा हजार वस्तीचं. त्याच्या वेशीपासून मैलभराच्या आत टूलव्हिल आहे: दोन रस्ते, ऐंशीएक घरं, बहुतेक शेतमजुरांची. रस्ते जिथे संपतात तिथून फ्रायंट-कर्न कालवा वाहतो. दीडशे मैल लांबीचा, सिएरा पर्वताच्या वितळलेल्या बर्फाचं पाणी बागांना नेणारा. त्याच्या कुंपणाला हात लावून उभं राहिलं की पाण्याचा गार वास येतो. आणि मागे वळलं की घरांच्या दारांत पाच-पाच गॅलनचे विकतच्या किंवा सरकारी पाण्याचे कॅन रचलेले दिसतात, कारण वस्तीच्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं नाही. त्यात क्रोमियम आहे, नायट्रेट आहे, आणि उन्हाळ्यात विहिरी धरत नाहीत.

आपण लहानपणापासून शिकलो की पाणी खराब असेल तर उकळून प्यावं. मीही पहिल्या वर्षी एका शेजारणीला तेच सांगितलं होतं. तिनं मला समजावलं की नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं आणि तेवढंच नायट्रेट कमी पाण्यात उरतं, म्हणजे उकळलेलं पाणी जास्त घातक. तान्ह्या बाळाच्या दुधात असं पाणी गेलं तर रक्तातून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. हे तिला कुठल्या जनजागृती मोहिमेनं शिकवलं नव्हतं. या खोऱ्यात बाई घर चालवायला लागली की हे आपोआप शिकते.

टूलव्हिलची मागणी साधी होती: एक्झिटरच्या नळाला आमचा नळ जोडा. मैलभराची पाइपलाइन. ही मागणी वीस वर्षं पडून राहिली. एक्झिटरचं म्हणणं होतं, आमच्याच वाहिन्या जुन्या आहेत, पैसे नाहीत. २०१९ मध्ये तिथल्या नगर परिषदेनं पुन्हा नाही म्हटलं.

यामागे जुना इतिहास आहे. १९७१ मध्ये टुलेरी काउंटीनं आपला सर्वसाधारण विकास आराखडा केला, त्यात काउंटीतल्या पंधरा वस्त्यांना भवितव्य नाही असं ठरवून टाकलं. त्यांना पाणी, गटारं यांसारख्या मोठ्या सोयी देऊ नयेत, म्हणजे त्या हळूहळू आपोआप ओस पडतील आणि लोक निघून जातील, असं धोरण म्हणून छापलं. वस्त्या ओस पडल्या नाहीत. बागांना मजूर लागत होते, मजुरांना छप्पर लागत होतं. नळ तेवढा आला नाही. पाणी न देणं हे दुर्लक्ष असतं तर मी त्याला ढिलाई म्हटलं असतं. ते लिहून ठेवलेलं होतं.

मराठी माणसाला इथे महाड आठवल्याशिवाय राहत नाही. टूलव्हिलमध्ये विटाळ नाही, शिवाशिव नाही, तेव्हा दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. मला त्यातला एक धागा महत्त्वाचा वाटतो. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबई कायदे मंडळानं १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याला अस्पृश्यांच्या ओंजळी लागू शकल्या नाहीत. वर कायदा होता, खाली ठराव होता, आणि पाणी होतं तिथेच होतं. कॅलिफोर्नियानं २०१२ मध्ये कायदा करून जाहीर केलं की स्वच्छ, परवडणारं पाणी हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. त्यानंतर सात वर्षांनी एक्झिटरनं नाही म्हटलं. हक्क जाहीर करणं आणि नळ जोडणं यांच्यामध्ये स्थानिक सत्ता उभी असते. तिला ओलांडायचं बळ आणि पैसा राज्यानं दाखवला नाही तर जाहीरनामा भिंतीवर राहतो.

पुढे राज्यानं दोन्ही गोष्टी केल्या, हे आवर्जून लिहायला हवं. २०१५ च्या कायद्यानं नापास ठरलेली पाणीयोजना शेजारच्या सक्षम योजनेत विलीन करण्याचा आदेश द्यायचा अधिकार राज्याच्या जलमंडळाला मिळाला, आणि २०२१ मध्ये नापास होण्याच्या बेतात असलेल्या योजनांपर्यंत तो वाढवला. २०१९ मध्ये अशा वस्त्यांसाठी वर्षाला १३ कोटी डॉलर्सचा निधी २०३० पर्यंत राखून ठेवला. मग राज्यानं एक्झिटरला सांगितलं, समझोत्यानं करा, नाहीतर आम्ही आदेश काढू. २०२२ पर्यंत एक्झिटर तयार झालं. वीस वर्षांची अर्जविनंती जे करू शकली नाही ते अधिकार आणि पैसा एका हातात आल्यावर झालं. अग्रक्रम ठरवणाऱ्यांनी यातून एवढंच घ्यावं: स्थानिक स्वायत्तता ही चांगली गोष्ट आहे, पण शेजारच्या वस्तीला तहानलेलं ठेवण्याची स्वायत्तता कुणालाही नसावी. २०३० नंतरही हा निधी टिकायला हवा. विहिरी दूषित राहणार आहेत, कारण गेल्या अनेक दशकांचं खत अजून जमिनीतून खाली झिरपतंच आहे.

वगळणं नेहमी शब्दांत लिहिलेलं नसतं, कधी ते बेरीज-भागाकारात असतं. पाहारो नावाचं गाव माँटरे काउंटीत आहे. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांचं, तीनेक हजार वस्तीचं. शेजारून वाहणाऱ्या नदीला १९४९ मध्ये घातलेला मातीचा बांध. तो कमकुवत आहे हे सरकारी अभियंत्यांना अनेक दशकं माहीत होतं. १९९५ मध्ये गाव बुडालंही होतं. पण केंद्राच्या सूत्रात बांधाचा फायदा मोजताना तो कुणाच्या मालमत्तेचं किती डॉलर्सचं नुकसान टाळतो हे मोजलं जायचं. मजुरांची घरं स्वस्त, त्यामुळे फायदा कमी, त्यामुळे भागाकार जमत नसे. २०२३ च्या मार्चमध्ये १० आणि ११ तारखेच्या मधल्या रात्री तो बांध फुटला आणि लोक अंगावरच्या कपड्यांनिशी अंधारात बाहेर पडले. त्या सूत्रात कुणाच्याही वंशाचा उल्लेख नाही, आणि परिणाम मात्र ठरलेला आहे. जिथे गरीब राहतात तिथला बांध कधीच 'परवडत' नाही. राज्य स्वतःच्या पैशानं जे बांधतं, मग ते बांध असोत, रस्ते असोत की गटारं, त्याच्या हिशेबात घराच्या किमतीऐवजी माणसांची डोकी मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. पाहारोच्या नव्या बांधाचा स्थानिक वाटा उचलायचा कायदा कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये केला होता. तो पुरेसा आधी झाला नाही, एवढीच त्यातली खंत.

शाळांबद्दल थोडक्यात. राज्याच्या सरकारी शाळांतली निम्म्याहून जास्त मुलं आज लॅटिनो आहेत. ऑरेंज काउंटीतल्या मेक्सिकन पालकांनी मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध लढलेला मेंडेस खटला १९४७ मध्ये अपिलातही जिंकला आणि त्याच वर्षी राज्यानं कायद्यातली शाळांची विभागणी काढून टाकली, वंशावरून वेगळ्या शाळा देशभर बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रसिद्ध निकालाच्या सात वर्षं आधी. पण १९९८ मध्ये सार्वमतानं द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद केलं, ते २०१६ च्या सार्वमतानं पुन्हा खुलं झालं. त्या अठरा वर्षांत द्विभाषिक शिक्षक घडवणारे अभ्यासक्रमच आटले. आज परवानगी आहे आणि शिक्षक नाहीत. अपवाद खोडला तरी त्यानं केलेली झीज आपोआप भरून येत नाही. शिक्षक घडवायला राज्याला पुढची दहा-पंधरा वर्षं सलग पैसा ओतावा लागेल.

सगळं राज्यावर का टाकते, असं कुणी विचारेल. उन्हाचं उदाहरण पाहा. शेतात उन्हानं माणसं दगावल्यावर २००५ मध्ये कॅलिफोर्नियानं उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी देशातला पहिला नियम केला: पिण्याचं गार पाणी, सावली (२०१५ पासून पारा ८० फॅरनहाइट म्हणजे सुमारे २७ सेल्सियसच्या वर गेला की ती सक्तीची), हवी तेव्हा विश्रांती. याउलट टेक्सासमध्ये ऑस्टिन आणि डॅलस या शहरांनी बांधकाम मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटं पाणी प्यायला सुट्टी सक्तीची केली होती, तर २०२३ मध्ये राज्यानं शहरांचा असे नियम करण्याचा अधिकारच काढून घेतला. फ्लोरिडानं २०२४ मध्ये तेच केलं. एकच देश, तोच सूर्य. एका राज्यात सावली हा हक्क आहे आणि दुसऱ्या राज्यात शहरानं ती द्यायचं ठरवलं तरी मनाई आहे. राज्याच्या हातात एवढी सत्ता असते.

आणि नियम असून भागत नाही, हेही कॅलिफोर्नियातच दिसलं. २००८ च्या मे महिन्यात स्टॉकटनजवळच्या द्राक्षमळ्यात सतरा वर्षांची एक गरोदर मुलगी तासन्‌तास उन्हात काम करून कोसळली आणि दोन दिवसांनी गेली. सावली नव्हती, पाणी चालत जाण्याइतकं लांब होतं. नियम होऊन तीन वर्षं झाली होती. तपासणीस शेतावर पोचत नसेल तर नियमाची सावली पडत नाही. राज्याच्याच लेखापरीक्षकांनी २०२५ मध्ये नोंदवलं की कामगार सुरक्षा खात्यातल्या जवळपास एक तृतीयांश जागा रिकाम्या आहेत. त्या जागा भरा, आणि स्पॅनिश व मिश्तेक बोलणाऱ्यांनी भरा. माझ्या यादीत ही मागणी कुठल्याही नव्या योजनेच्या वर आहे.

आता ज्या गोष्टीनं मला हा लेख लिहायला बसवलं तिच्याकडे येते. जुने अपवाद खोडता खोडता कॅलिफोर्निया एक नवा लिहितं आहे.

मेडी-कॅल ही तिथली गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. कागदपत्रं नसलेल्यांना तिच्यात घ्यायला राज्यानं आठ वर्षं घेतली: २०१६ मध्ये मुलं, २०२० मध्ये पंचविशीपर्यंतचे तरुण, २०२२ मध्ये पन्नाशीपुढचे आणि जानेवारी २०२४ मध्ये उरलेले सगळे. १९९४ मध्ये याच राज्यातल्या मतदारांनी अशा लोकांना शाळा आणि दवाखाने बंद करणारा प्रस्ताव मंजूर केला होता. तो न्यायालयात अडला. तिथून इथवर राज्य आलं, याचा मला अभिमान वाटत होता. मग अंदाजपत्रकात तूट आली, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ठरलं: जानेवारी २०२६ पासून कागदपत्रं नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी बंद, पुढे दातांचे उपचार बंद, आणि २०२७ पासून महिन्याला ३० डॉलर्सचा हप्ता. काटकसर करताना रेघ नेमकी पुन्हा त्याच जागी ओढली गेली.

माझ्या ओळखीच्या मराठी मंडळींत यावर वाद होतो, आणि त्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकते. आम्ही वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहिलो, कर भरले, वकिलांचे पैसे भरले. ज्यांनी रांग लावलीच नाही त्यांचा खर्च आम्ही का उचलायचा? या रांगेचं दुखणं मला माहीत आहे, मीही तिच्यात होते. पण शेतमजुरासाठी रांग कुठे आहे? कौशल्याची अट नसलेल्या कामगारांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार ग्रीन कार्डं कायद्यात आहेत, त्यांत बायकामुलंही मोजली जातात. दीर्घ वास्तव्यावरून कायम होण्याची एक जुनी तरतूद आहे, तिची तारीख १ जानेवारी १९७२ वर थांबलेली आहे. १९८६ नंतर ती कुणी पुढे सरकवली नाही. आणि कर? कागदपत्रं नसलेल्या लोकांनी २०२२ मध्ये एकट्या कॅलिफोर्नियात राज्याचे आणि स्थानिक मिळून सुमारे ८५० कोटी डॉलर्स कर भरले, असा करधोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा हिशेब आहे. २०२० च्या मार्चमध्ये सगळे घरात बसले तेव्हा केंद्र सरकारनं याच मजुरांना 'अत्यावश्यक' ठरवलं होतं. खोऱ्यात मजूर तसं लिहिलेली चिठ्ठी खिशात घेऊन कामावर जायचे. त्याच वसंतात केंद्राच्या मदतीचे धनादेश वाटताना त्यांना वगळलं गेलं. त्या पहिल्या उन्हाळ्यात राज्यातल्या कोविड रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त लॅटिनो होते.

राज्याची अडचण खोटी नाही. तूट खरी आहे, केंद्राकडून येणारा पैसा आटतो आहे. काटकसर करायची तर ती उत्पन्नावरून करा, ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्याकडून जास्त घ्या, पण सगळ्यांना एकच पट्टी लावा. एकाच वेतनाच्या, एकाच शेतात राबणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला दवाखान्याच्या दारावर थांबवणं ही काटकसर मला मान्य नाही. त्यातून पैसेही फारसे वाचणार नाहीत. मधुमेहाची गोळी बंद झालेला माणूस पुढे तातडीच्या विभागात येतो, आणि तातडीचा खर्च योजनेला करावाच लागतो.

विश्वासाचा प्रश्न तर याहून कठीण आहे. राज्यानं लोकांना सांगितलं, नाव नोंदवा, पत्ता द्या, घाबरू नका. लोकांनी दिला. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राच्या आरोग्य यंत्रणेनं अशा नोंदी गृहसुरक्षा खात्याच्या हाती दिल्या. कॅलिफोर्निया आणि इतर राज्यं न्यायालयात गेली. पण ज्यानं पत्ता दिला त्याची झोप न्यायालयाच्या तारखेपर्यंत थांबत नाही. यापुढे राज्याच्या कुठल्याही खात्यानं कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम झालं की ती ठेवू नये. या एका नियमाला जवळपास काहीच खर्च येत नाही.

नव्या नियमात एक बारीक कलम आहे. आधीपासून योजनेत असलेला माणूस आत राहू शकतो, पण दर वर्षी नूतनीकरणाचा कागद भरून पाठवायला हवा. तो चुकला आणि थोड्या मुदतीत दुरुस्त झाला नाही, तर नवी नोंदणी बंद असल्यामुळे त्याला पुन्हा आत येता येत नाही. मला नायट्रेट समजावून सांगणारी शेजारीण या योजनेत आहे. ती रक्तदाबाच्या गोळ्या घेते. हिवाळ्यात ती संत्र्यांच्या पॅकिंगला असते, मे महिन्यात इथली चेरी संपली की पिकाबरोबर उत्तरेला जाते. तिचा नूतनीकरणाचा लिफाफा जूनच्या शेवटी येतो. तेव्हा ती वॉशिंग्टन राज्यात, सातशे मैलांपेक्षा लांब, शिडीवर चढून चेरी तोडत असते. यंदा तिनं तिच्या टपालपेटीची किल्ली माझ्याकडे दिली आहे.